एक खिडकी उघडली की बाकीच्या गोठतात: लॅबव्ह्यूमध्ये अनेक व्हीआय एकाच वेळी चालवताना

पहाटे साडेचारला फोन. आमच्या कोळंबीच्या तळ्यांवर रात्रपाळीला असणारे आबा म्हणाले, "तीन नंबराचो डीओ गेलो अर्धो तास ५.२ वरच आसा. हलणा नाय."

डीओ म्हणजे पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन. रात्री उजेड नसतो, त्यामुळे तळ्यातलं सूक्ष्म शेवाळ ऑक्सिजन तयार करत नाही, उलट तेही कोळंबीबरोबर श्वास घेत असतं. म्हणून डीओ पहाटे सगळ्यात खाली गेलेला असतो. नेमक्या त्या वेळी आकडा अर्धा तास दशांशानेही हलत नसेल, तर तो आकडा खोटा समजायचा. आबांनी हातातला मीटर तळ्यात बुडवला. ३.४ निघाला. पाण्यात हवा मिसळणारं पॅडलव्हील प्रोग्रॅमने चालू करायला हवं होतं, ते आबांनी स्टार्टर दाबून चालू केलं.

तळ्यातला प्रोब, म्हणजे पाण्यात बुडवलेला सेन्सर, धडधाकट होता, वायरही शाबूत होती. आबांनी संध्याकाळी पाच नंबर तळ्याची खिडकी उघडली होती आणि ती तशीच ठेवून जेवायला गेले होते. त्या एका खिडकीने अख्खा प्रोग्रॅम झोपवला होता. प्रोग्रॅम माझा, लॅबव्ह्यू या आकृत्या जोडून प्रोग्रॅम करायच्या सॉफ्टवेअरमध्ये केलेला, त्यामुळे चूकही माझीच. अनेक व्हीआय, म्हणजे लॅबव्ह्यूतले प्रोग्रॅम, एकाच वेळी का चालत नाहीत, हा प्रश्न दर काही महिन्यांनी कुणी ना कुणी मला विचारतं, म्हणून आमच्याकडे तो कसकसा उगवला आणि प्रत्येक वेळी काय निघालं, ते लिहून ठेवतो.

मांडणी अशी. देवगड तालुक्यात खाडीकाठी सहा तळी. प्रत्येक तळ्यात डीओ आणि तापमानाचा प्रोब, त्याचा ट्रान्समीटर मॉडबस आरटीयू ही उपकरणांची प्रश्नोत्तरांची भाषा बोलतो. सगळे ट्रान्समीटर एकाच आरएस-४८५ केबलवर, केबल शेडमधल्या संगणकाला यूएसबी कन्व्हर्टरने जोडलेली. लॅबव्ह्यूत एक मुख्य खिडकी, तीत सहा बटणं. बटण दाबलं की त्या तळ्याची खिडकी उघडायची: आलेख, मर्यादा, पॅडलव्हील चालू-बंद. सहाही खिडक्या एकाच वेळी जिवंत राहाव्यात, एवढीच अपेक्षा.

ज्यांनी नुकतीच सुरुवात केली आहे त्यांनी आधी एक साधी गोष्ट तपासावी. लॅबव्ह्यूत ओळींचा क्रम नसतो, तारा असतात. एखाद्या नोडला (आकृतीतल्या चौकटीला) लागणारा सगळा डेटा आला की तो चालतो, आणि ज्या दोन नोडांमध्ये तार नाही ते आपोआप समांतर चालतात. हे १९८६ साली मॅकिंटॉशवर आलेल्या पहिल्या आवृत्तीपासून असंच आहे. म्हणजे समांतर चालवण्यासाठी मुद्दाम काही करावं लागत नाही. समांतर चालत नसेल, तर आपणच कुठेतरी दोघांना एकमेकांत अडकवलेलं असतं. दोन व्हाइल लूप (थांबवेपर्यंत फिरत राहणारे भाग) शेजारी ठेवले आणि दुसरा सुरूच होत नसेल, तर पहिल्याच्या बाहेर येणारी एखादी तार दुसऱ्यात जाते आहे का बघा. लूपमधून डेटा बाहेर पडतो तो लूप थांबल्यावरच. बहुतेक वेळा ही तार स्टॉप बटणाची नाहीतर एररची असते. एररची तार आपण सवयीने सगळ्यांतून ओवत नेतो, गजऱ्यात फुलं ओवावीत तशी, आणि मग फुलं एकामागे एकच येतात. स्टॉपसाठी लोकल व्हेरिएबल वापरायला गेलात आणि रन बाण तुटला, म्हणजे प्रोग्रॅम चालेनासा झाला, तर बटणाची मेकॅनिकल अ‍ॅक्शन लॅचऐवजी स्विच करा. लॅच बटणाला लोकल चालत नाही.

आता आमचा रोग. मुख्य खिडकीत इव्हेंट स्ट्रक्चर होतं, म्हणजे कुठलं बटण दाबलं त्यावरून ठरलेली केस चालवणारी चौकट. "तळं ५" बटणाच्या केसमध्ये मी तळ्याचं व्हीआय सरळ सबव्हीआय (दुसऱ्या व्हीआयने बोलावलेलं व्हीआय) म्हणून टाकलं होतं. त्या सबव्हीआयच्या पोटात स्वतःचा व्हाइल लूप, जो खिडकी बंद केल्यावरच थांबतो. तोवर सबव्हीआय परत येत नाही, केस संपत नाही, आणि इव्हेंट केस संपेपर्यंत पॅनेल लॉक ठेवायची खूण मुळातच चालू असते. त्यामुळे मुख्य खिडकी दिसते पण दगड झालेली असते. ओळखायची खूण सोपी आहे: अशा वेळी दुसरी बटणं दाबली तर काहीच होत नाही, पण पहिली खिडकी बंद केली की साचलेल्या क्लिक एकेक करून बाहेर पडतात आणि दाबलेल्या खिडक्या उशिरा उगवतात. हे दिसलं तर दुसरीकडे शोधत बसू नका.

व्हीआय प्रॉपर्टीजमध्ये विंडो अपिअरन्स हे पान आहे, तेही याच वेळी बघून घ्या. तिथे खिडकी मोडल करून ठेवली असेल, तर ती उघडी असेपर्यंत त्या प्रोग्रॅमच्या बाकीच्या खिडक्यांवर माऊस चालणारच नाही. मागचा आलेख हलत राहील, पण बटण दाबता येणार नाही. सबव्हीआय अडकल्यावर आलेखही हलत नाही. दोन्हींत एवढा फरक आहे.

मी काढलेला पहिला उपाय अर्धवट होता. सबव्हीआय काढून टाकलं, ओपन व्हीआय रेफरन्सने तळ्याचं व्हीआय उघडलं आणि रन व्हीआय ही मेथड वापरून, वेट अंटिल डन या इनपुटला फॉल्स देऊन सोडलं. पहिलं तळं छान उघडलं. मुख्य खिडकीही हलती राहिली. दुसऱ्या तळ्याचं बटण दाबलं आणि एरर १०००. त्याचा अर्थ इतकाच की ज्या व्हीआयला तुम्ही धाव म्हणताय ते आधीच धावतं आहे. साधं व्हीआय मेमरीत एकच असतं. ते धावत असताना दुसऱ्यांदा सुरू होत नाही.

दाभोळ-धोपाव्याची फेरीबोट ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे पटकन कळेल. बोट पलीकडे गेलेली असताना अलीकडच्या धक्क्यावर तुमची गाडी उभी. तुम्ही कितीही हॉर्न वाजवा, बोट परत आल्याशिवाय गत्यंतर नाही. सबव्हीआय म्हणून बोलावलं तर रांगेत थांबायचं, रन मेथडने बोलावलं तर थेट एरर.

यावर सगळ्यात सोपा वाटणारा उपाय म्हणजे सेव्ह अ‍ॅज करून सहा प्रती काढायच्या. मीही तेच केलं, आणि एक हंगाम ते चाललंही. मग डीओची खालची मर्यादा ४ वरून ४.५ केली, ती पाच प्रतींत बदलली आणि सहावीत राहून गेली. यापुढे कुणी हा मार्ग सुचवला तर हात जोडून नको म्हणा.

खरा मार्ग रीएन्ट्रंट व्हीआयचा, म्हणजे ज्याच्या अनेक प्रती (क्लोन) एकाच वेळी धावू शकतात त्याचा. व्हीआय प्रॉपर्टीजमध्ये एक्झिक्युशनच्या पानावर रीएन्ट्रन्सीचे पर्याय असतात. मुळात ते नॉन-रीएन्ट्रंट असतं. शेअर्ड क्लोन घेतलं तर लॅबव्ह्यू क्लोनांचा एक साठा ठेवतं आणि मोकळा असेल तो देतं. प्रीअलोकेटेड घेतलं तर बोलावणाऱ्या प्रत्येक जागेसाठी वेगळा क्लोन राखून ठेवतं. तळ्याच्या खिडकीला आम्ही शेअर्ड लावलं, पण एका अटीवर: आतल्या सगळ्या शिफ्ट रजिस्टरांना (लूपच्या मागच्या फेरीची किंमत जपणाऱ्या जागांना) सुरुवातीची किंमत बाहेरून द्यायची. नाहीतर आधीच्या तळ्याचं उष्टं नव्या तळ्याच्या ताटात येतं.

उत्तराची वाट न बघता व्हीआय सोडण्यासाठी २०११ पासून स्टार्ट असिंक्रोनस कॉल हा नोड आहे, तोच वापरा. ओपन व्हीआय रेफरन्सला स्ट्रिक्टली टाइप्ड रेफरन्स (व्हीआयच्या इनपुट-आउटपुटची नोंद असलेला) द्यावा लागतो, आणि ऑप्शन्सच्या इनपुटला हेक्स सी०. त्यातला हेक्स ८० म्हणजे सोडून द्या आणि विसरा, हेक्स ४० म्हणजे क्लोनांचा साठा तयार ठेवा. नुसतं ८० दिलं तर एकच खिडकी उघडते आणि माणूस परत सुरुवातीला येऊन बसतो. निकाल नंतर गोळा करायचा असेल तर ८० च्या जागी १००, म्हणजे साठ्यासकट १४०. ऑप्शन्सचा कॉन्स्टंट हेक्समध्ये दिसतो आहे ना, तेही बघा. मी एकदा दशमानात ८० लिहून संध्याकाळ घालवली आहे.

रेफरन्स प्रोग्रॅम सुरू होतानाच एकदा उघडा आणि सहाही खिडक्यांना तोच वापरा. दर क्लिकला नव्याने उघडत बसलात, तर ते काम लॅबव्ह्यूच्या मुख्य यूआय धाग्याच्या (खिडक्या-बटणं सांभाळणाऱ्या थ्रेडच्या) रांगेत उभं राहतं, आणि कुणी नुसता मेनू उघडून ठेवला तरी अडकतं. "कधी कधी होतं, कधी होत नाही" या जातीच्या बऱ्याच तक्रारी इथल्या असतात.

असिंक्रोनस सोडलेल्या व्हीआयची खिडकी आपणच उघडावी लागते. क्लोनच्या आत, दिस व्हीआय या रेफरन्सवर फ्रंट पॅनेल ओपन ही मेथड. तिथे व्हीआयचं नाव देऊन रेफरन्स घेऊ नका, मूळ व्हीआयचा येईल, क्लोनचा नाही. शीर्षकही तिथेच बदला: "तळं ३". आणि हे सगळं केल्यावर मी जे पाहिलं ते असं: सहा बटणं दाबली, खिडकी एकच. पुन्हा रेफरन्स तपासले, फ्लॅग तपासले, एरर कुठेच नाही. शेवटी वैतागून खिडकी माऊसने बाजूला ओढली, तर तिच्याखाली दुसरी. तिच्याखाली तिसरी. सहाही उघडल्या होत्या, घावनांच्या चळतीसारख्या एकावर एक. सगळे क्लोन मूळ व्हीआयच्या जतन केलेल्या जागीच उघडतात. तळ्याच्या क्रमांकावरून प्रत्येकीची जागा सरकवली की झालं.

क्लोन तपासतानाही असंच फसायला होतं. प्रोजेक्टमधून व्हीआय उघडलं तर मूळ प्रत उघडते, आणि ती निवांत बसलेली असते. म्हणून वाटतं की चालतच नाही. लॅबव्ह्यूचा प्रोब (तारेतला डेटा दाखवणारा, तळ्यातला नव्हे) लावायचा तर धावणाऱ्या क्लोनच्या खिडकीतून त्याचा ब्लॉक डायग्राम उघडा. क्लोनच्या नावापुढे विसर्गासारखी दोन टिंबं आणि आकडा असतो, त्यावरून ओळखू येतो. ब्लॉक डायग्रामवरचा बल्ब (हायलाइट एक्झिक्युशन) लावून हळू चालवण्याच्या नादी मात्र या रोगात लागू नका. बल्ब लावला की सगळंच इतकं मंदावतं की आपापसातली धक्काबुक्की दिसेनाशी होते.

इथवर खिडक्या समांतर झाल्या. आता आकडे.

सहा खिडक्या उघड्या, पण वाचनं आळीपाळीने येत होती, आणि एखाद्या तळ्याचा प्रोब बंद पडला की बाकीची पाच तळीही दहा-दहा सेकंद गप्प. प्रोब वाचणारं सबव्हीआय एकच होतं आणि नॉन-रीएन्ट्रंट होतं. नवा नवा मुसलमान पाच वेळा नमाज पढतो म्हणतात तसं माझं झालं होतं, रीएन्ट्रन्सी हाती आली होती, मग तेही रीएन्ट्रंट केलं. आणि रात्री मजा झाली. दोन नंबर तळ्याचं तापमान पाच नंबराच्या खिडकीत. मध्येच सीआरसी, म्हणजे निरोप शाबूत आला का हे तपासायचा आकडा, जुळत नाही. मध्येच एरर उणे १०७३८०७३३९, म्हणजे टाइमआउट.

घडतं ते असं. केबल एकच आहे आणि मॉडबसमध्ये एका वेळी एकच प्रश्न विचारायचा असतो. खिडकी दोनने प्रश्न पाठवला, उत्तर यायच्या आत खिडकी पाचने आपला पाठवला. तळ्यावरचे दोन ट्रान्समीटर एकदम बोलले तर सीआरसी बिघडतो. एकामागून एक बोलले तर बफरमध्ये जे आधी आलं ते ज्याने आधी रीड केलं त्याला मिळतं, ते कुणाचंही असो. मॉडबसच्या उत्तराचा पहिला बाइट हा उपकरणाचा पत्ता असतो. तो मी तपासत नव्हतो. तपासला असता तर चुकीचा आकडा निदान टाकून तरी दिला असता.

म्हणजे इथे फेरीबोट एकच असणं योग्य होतं. प्रोब वाचणारं सबव्हीआय नॉन-रीएन्ट्रंट होतं म्हणूनच इतके दिवस केबलवर शिस्त होती, आणि ती शिस्त मी हौसेने मोडली. जुन्या पद्धतीच्या फंक्शनल ग्लोबललाही हेच लागू. ज्याच्या शिफ्ट रजिस्टरमध्ये सगळ्यांनी वाटून घ्यायचा डेटा आहे, ते व्हीआय रीएन्ट्रंट केलंत तर प्रत्येकाची चूल वेगळी होते आणि कुणाचंच कुणाला कळत नाही.

आता आमच्याकडे पोर्ट एकाच लूपच्या ताब्यात आहे, त्याला आम्ही बस लूप म्हणतो. तो सहा ट्रान्समीटरांना क्रमाने विचारतो आणि आलेलं वाचन, वेळेसकट, त्या त्या तळ्याच्या नोटिफायरवर (ताजं वाचन लिहायच्या पाटीवर) टाकतो. खिडकी नोटिफायरवरून घेते. पॅडलव्हील चालू-बंदचा हुकूम खिडकी क्यूमध्ये (निरोपांच्या रांगेत) टाकते, बस लूप तो वाचनाच्या आधी पाठवतो. पोर्टला खिडकी हात लावत नाही. मर्यादेची तुलनाही खिडकीतून काढून बस लूपमध्ये नेली, म्हणजे खिडकी उघडी असो वा नसो, पॅडलव्हील सुरू व्हायचं ते होतंच. खरं तर ही तुलना पहिल्या दिवसापासून तिथेच असायला हवी होती.

असं आळीपाळीने विचारून काम मंदावत नाही का? हिशोब करून बघा. दोन रजिस्टरं वाचायला प्रश्न ८ बाइटांचा, उत्तर ९ बाइटांचं. ९६०० बॉडला एका बाइटला जास्तीत जास्त ११ बिट धरले तरी सतराच्या सतरा बाइट २० मिलिसेकंदांत जातात. ट्रान्समीटरला विचार करायला शंभर मिलिसेकंद दिले तरी सहा तळ्यांची फेरी एका सेकंदात. तळ्याचा डीओ सेकंदात बदलत नाही. वेळ खातो तो टाइमआउट. पोर्ट उघडणाऱ्या व्हिसा कॉन्फिगर सिरीयल पोर्ट या व्हीआयचा मूळ टाइमआउट १०,००० मिलिसेकंद असतो, आमची ती दहा सेकंदांची गप्प राहण्याची सवय तिथली. ५०० वर आणला. लागोपाठ तीनदा उत्तर न देणाऱ्या प्रोबला मिनिटातून एकदाच विचारतो.

किरकोळ गोष्टी दोन. संगणकाचा पंखा घोंघावत असेल तर एखाद्या लूपमध्ये वेट टाकायचा राहिला आहे. आणि रंग बदलणं, अक्षरं लपवणं असले प्रॉपर्टी नोड दर फेरीला चालवू नका. ते सगळे एकाच यूआय धाग्यातून जातात, सहा खिडक्यांचे मिळून तिथे बाजाराच्या दिवसाची गर्दी होते. रंग बदलला असेल तेव्हाच लिहा.

बंद करतानाची भानगड मात्र किरकोळ नाही. सोडून दिलेला क्लोन हा स्वतःच वरच्या पातळीचा असतो. मुख्य खिडकी थांबवली म्हणून तो थांबत नाही. पण क्यू ज्या व्हीआयच्या कुळात तयार झाली, ते कूळ थांबलं की क्यू मरते. मग तिच्यावर वाट बघत बसलेल्याला एरर ११२२ येते. आमच्याकडे मुख्य व्हीआय क्यू तयार करायचं आणि आधी निघून जायचं. आता बस लूपच क्यू तयार करतो आणि सगळ्यांत शेवटी निघतो. थांबण्याचा निरोप सगळ्यांना एकाच यूझर इव्हेंटने. खिडकीच्या फुलीवर पॅनेल क्लोज या फिल्टर इव्हेंटची केस ठेवा, तिथे बंद होणं रद्द करून आधी लूप थांबवा, खिडकी मग. नाहीतर खिडकी दिसत नाही आणि आतला लूप चालूच.

तयार केलेल्या एक्झीमध्ये (स्वतंत्र चालणाऱ्या प्रोग्रॅम फाइलमध्ये) हे चुकलं तर पुढच्या वेळी एरर उणे १०७३८०७२४६ येते, म्हणजे पोर्ट आहे पण दुसऱ्याने धरून ठेवला आहे. तो दुसरा म्हणजे तुमचाच कालचा प्रोग्रॅम. टास्क मॅनेजरमध्ये सापडेल. आणि एक्झीत खिडक्या उघडतच नसतील, एरर ७ येत असेल, तर पाथने उघडलेलं व्हीआय बिल्डमध्ये गेलेलंच नाही. सोर्स फाइल्समध्ये ते ऑलवेज इन्क्लुडेडखाली टाका. पाथऐवजी स्टॅटिक व्हीआय रेफरन्स वापरला तर ही आठवण ठेवावी लागत नाही.

शेवटची भर आबांच्या फोनमुळे घातली. गोठलेली खिडकी आणि चालती खिडकी दिसायला सारखीच. ५.२ हा आकडा मेलेला आहे हे आकड्यावरून कळत नाही. म्हणून प्रत्येक खिडकीत आकड्याखाली "किती सेकंदांपूर्वीचं वाचन" असा चौकोन टाकला. नोटिफायरवर आलेली वेळ आणि आत्ताची वेळ यांची वजाबाकी, दहा सेकंदांच्या पुढे गेली की लाल. बस लूप मेला तरी ही वजाबाकी खिडकीत होते, त्यामुळे चौकोन लाल होतोच. खिडकीच गोठली तर मात्र तोही गोठेल. त्यासाठी मुख्य खिडकीत सहाही तळ्यांचे तेच चौकोन वेगळ्या लूपमध्ये आहेत.

पावसाळ्यात वीज गेली-आली की यूएसबी कन्व्हर्टर कधी कॉम ३ होतो, कधी दुसऱ्या खाचेत घातला तर कॉम ५. मॅक्समध्ये (लॅबव्ह्यूबरोबर येणाऱ्या, उपकरणं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये) पोर्टला टोपणनाव देऊन ठेवलं आहे आणि प्रोग्रॅममध्ये तेच लिहिलं आहे. नंबर बदलला तर फक्त मॅक्समध्ये बदलायचा. कन्व्हर्टरच्या पिनांवर खारी हवा हिरवट थर चढवते, तो महिन्यातून एकदा पुसावा लागतो. ते काम आबांनी स्वतःकडे घेतलं आहे, शेडच्या दारावर खडूने तारखा लिहितात.